आहे ते चालतंय, पण कोण चालवतंय?

गेल्या काही आठवड्यांत एकच मजकूर मला चार वेगवेगळ्या माणसांनी पाठवला, आणि चौघांनीही खाली तोच प्रश्न विचारला होता: यात तथ्य आहे का? बँकांची पेमेंट-व्यवस्था आणि बिलांचे नमुने देशभर एकसारखे करायचं जे काम ठिकठिकाणी चाललंय, त्याविरुद्धचा हा मजकूर आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. आहे ती व्यवस्था उत्तम चालते, तिला उगाच हात लावला जातोय. बिलं तर कधीचीच डिजिटल झाली, पीडीएफ ईमेलने जातेच की. सगळ्यांनी एकच प्रमाण, म्हणजे स्टँडर्ड, धरलं तर एका बिघाडात देश ठप्प होईल. या खटाटोपात मलई बँका आणि सॉफ्टवेअर कंपन्या खाणार, भुर्दंड मात्र छोट्या धंदेवाल्यांना. सरकारला प्रत्येक बिल उघडून बघायचंय. आणि कागदावर व्यवहार करणारी म्हातारी माणसं वाऱ्यावर सोडली जाणार.

माझी बरीच वर्षं बिलं आणि बँक स्टेटमेंट यांची जुळवणी करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मागे गेली. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो. या मुद्द्यांपैकी एक-दोघांत दम आहे, तेही त्या त्या ठिकाणी कबूल करतो.

सगळं ठीक चालतंय

पैसे एका खात्यातून निघून दुसऱ्या खात्यात पडतात, एवढ्यापुरतं म्हणाल तर चालतंय. पण पैसे पोचले की व्यवहार संपला असं ज्याला वाटतं, त्याने एकदा अकाउंट्सच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसावं.

समजा, सकाळी स्टेटमेंट उघडलं. एक रक्कम जमा दिसते, ७२,६००. पाठवणाऱ्याचं नाव अर्धवट आलंय. कशाचे पैसे, तर शेऱ्यात 'बिल २३१५ २३१८ २३' एवढंच, पुढचा मजकूर तुटलेला. टेबलावरच्या बाई येणेबाकीची यादी काढतात. २३१५ चे ४८,२००. २३१८ चे १७,६५०. झाले ६५,८५०. राहिले ६,७५०. तेवीसने सुरू होणारं ६,७५० चं बिल या गिऱ्हाइकाच्या नावावर नाहीच. २३२१ आहे, पण ते ९,९०० चं. मग कॅल्क्युलेटर. ९,९०० वजा ६,७५०, म्हणजे ३,१५०. आणि इथे बाईंना आठवतं, की मागच्या महिन्यात थोडा माल परत आला होता, त्याची ३,१५० ची क्रेडिट नोट आपणच काढली होती. जुळलं एकदाचं. एका नोंदीला वीस मिनिटं.

बाई त्या दिवशी रजेवर असत्या तर ही रक्कम सस्पेन्स खात्यात, म्हणजे ठिकाणा न लागलेल्या पैशांच्या खात्यात, जाऊन पडली असती, आणि पैसे भरून मोकळ्या झालेल्या गिऱ्हाइकाला आठवड्याभराने थकबाकीचं स्मरणपत्र गेलं असतं. 'आहे ते चालतंय' म्हणतात ते या बाईंच्या स्मरणशक्तीवर चालतंय. त्यांचा वेळ कुठल्याच खर्चाच्या सदरात दिसत नाही, म्हणून तो फुकट आहे असं समजायचं.

शेरा तुटला कुठे? देशाबाहेरच्या व्यवहारांत बँका एकमेकींना जो संदेश पाठवत आल्या, तो स्विफ्टचा एमटी १०३. स्विफ्ट ही संस्था १९७३ ची, तिचे संदेश सुरू झाले १९७७ साली, टेलेक्सच्या जमान्यात. त्या संदेशात 'पैसे कशाचे' हे लिहायला चार ओळी, प्रत्येक ओळीत ३५ अक्षरं. एकूण १४०. रकमेला स्वतंत्र रकाना, तारखेला स्वतंत्र रकाना, पण व्यवहाराचं कारण मात्र मोकळ्या जागेत कोंबायचं. एकाने 'बिल नं.' लिहावं, दुसऱ्याने नुसते आकडे, तिसऱ्याने 'ठरल्याप्रमाणे'. देशांतर्गत व्यवस्थांची तऱ्हा याहून वेगळी नव्हती. कुठे तर याहून कमी जागा.

आयएसओ २००२२ हे पेमेंट-संदेशांचं आंतरराष्ट्रीय प्रमाण २००४ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. त्याने केलं काय, तर या मोकळ्या जागेचे कप्पे पाडले. बिल क्रमांकाचा कप्पा वेगळा, त्या बिलापोटी किती दिले तो वेगळा, क्रेडिट नोटेपोटी किती कापले तो वेगळा. वरच्या उदाहरणातली चारही कागदपत्रं आपापल्या रकमांसह एकाच पेमेंटबरोबर जातात, आणि बाईंच्या जागी संगणक जुळवणी करतो. बाई मोकळ्या होतात ते ज्यांनी खरंच पैसे दिलेले नाहीत त्यांच्या मागे लागायला. युरो क्षेत्राची मोठ्या रकमांची व्यवस्था मार्च २०२३ मध्ये या प्रमाणावर गेली, ब्रिटनची चॅप्स जून २०२३ मध्ये, अमेरिकेची फेडवायर जुलै २०२५ मध्ये. स्विफ्टनेही देशादेशांमधल्या पेमेंटसाठी जुने आणि नवे संदेश शेजारी शेजारी चालवण्याची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपवली. चालत्या गाडीचं चाक उगाच कोणी काढत नाही. इतक्या मध्यवर्ती बँकांनी काढलं, ते गाडी कशी रखडते हे त्यांना रोज दिसत होतं म्हणून.

पत्त्याचंही तेच. न्यूझीलंडच्या वेलिंग्टन शहरात क्यूबा स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. पत्ता मोकळ्या ओळींत लिहिला, की निर्बंधांच्या यादीशी नावं ताडणारं सॉफ्टवेअर 'क्यूबा' या शब्दावर अडतं, पेमेंट बाजूला पडतं, कोणीतरी माणूस ते उघडतो, हसतो, सोडतो. रस्त्याचा कप्पा वेगळा आणि देशाचा वेगळा असला, तर हा रस्ता आहे आणि देश न्यूझीलंड आहे हे यंत्राला सांगावं लागत नाही.

इथे माझ्याच विरोधातलं एक उदाहरण देतो, कारण मला ते फार आवडतं. फेब्रुवारी २०१६ मध्ये चोरट्यांनी बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून सुमारे ९५ कोटी डॉलर काढायचे आदेश पाठवले. त्यातले बहुतेक अडले. तेव्हाच्या वृत्तांनुसार अडण्याचं एक कारण असं, की पैसे ज्या मनिलामधल्या शाखेत जाणार होते ती ज्युपिटर स्ट्रीटवर होती, आणि 'ज्युपिटर' हे नाव निर्बंध घातलेल्या एका जहाजाच्या नावाशी जुळलं. म्हणजे मठ्ठ चाळणीने काही कोटी वाचवले! तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्सला पोचलेच. रस्त्याचं नाव दुसरं काही असतं तर? आंधळ्याचा दगड एकदा नेमका लागला म्हणून पहाऱ्यावर आंधळा बसवायचा नसतो.

या मुद्द्यावर शेवटचं एक, कारण हे कागदावर करून बघता येतं. बिलाच्या संदर्भ क्रमांकाचंही आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, आयएसओ ११६४९. क्रमांकाची सुरुवात 'आरएफ' या अक्षरांनी, मग दोन तपासणी-अंक, मग तुमचा स्वतःचा क्रमांक. २३१५ या बिलाचा संदर्भ होतो आरएफ६४२३१५. तपासायचं असं: तुमचा क्रमांक आधी घ्या, त्यापुढे 'आर'चे २७ आणि 'एफ'चे १५, त्यापुढे ६४. संख्या झाली २३१५२७१५६४. तिला ९७ ने भागा, बाकी १ उरते. आता पैसे भरणाऱ्याने घाईत २३१५ ऐवजी २३५१ टाइप केलं. २३५१२७१५६४ ला ९७ ने भागलं की बाकी उरते ३. १ नाही, म्हणजे क्रमांक चुकला. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन उलटसुलट झाले, की ही चूक पैसे निघायच्या आधी, टाइप करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पकडता येते. ही करामत काही आजची नव्हे, आयबॅन या खाते क्रमांकांच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणात हीच ९७ ची तपासणी आहे. दुसऱ्या कोणाचं तरी बिल भागल्याची नोंद होऊन दोन गिऱ्हाइकं फोनवर भांडायला लागण्यापेक्षा हा भागाकार स्वस्त पडतो.

पीडीएफ पाठवतो, म्हणजे डिजिटलच की

पीडीएफ म्हणजे कागदाचा फोटो. माणसाला ती वाचता येते, यंत्राला तिच्यावरून अंदाज बांधावा लागतो. वरच्या कोपऱ्यातला आकडा बिलाचा, ऑर्डरचा की फोनचा? ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? एकूण रक्कम करासह की कराशिवाय? बिल पाठवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सगळी माहिती कप्प्याकप्प्यांत नीट लावलेली असते. तो तिचं चित्र करतो, चित्र ईमेलने जातं, आणि घेणाऱ्याकडे कोणीतरी बसून ते चित्र पुन्हा कप्प्यांत टाइप करतं. दळलेलं पुन्हा दळायचं, आणि प्रत्येक दळणात खडा पडायची शक्यता.

म्हणूनच युरोपात बिलाची सामाईक व्याख्या केली गेली. ईएन १६९३१ हे प्रमाण २०१७ साली आलं, आणि त्यात बिलाच्या प्रत्येक घटकाला नाव, क्रमांक आणि अर्थ ठरवून दिला आहे. जर्मनीने १ जानेवारी २०२५ पासून कायद्यातच स्पष्ट केलं, की नुसती पीडीएफ म्हणजे ई-बिल नव्हे; यंत्राला वाचता येईल अशा रचनेतलं असेल तेच ई-बिल. डोळ्यांना दिसणारं बिल हवंच असेल तर त्याचीही सोय आहे. फ्रान्स आणि जर्मनीने मिळून केलेल्या संकरित नमुन्यात पीडीएफच्या पोटात रचलेली फाइल दडवलेली असते. माणसाने वरचं वाचावं, यंत्राने आतलं.

आणि पीडीएफच्या बिलावरचा खाते क्रमांक कोणाचा आहे, हे ती पीडीएफ सांगत नाही. २०१३ ते २०१५ या काळात एका लिथुआनियन माणसाने गूगल आणि फेसबुक या कंपन्यांना, त्यांच्या खऱ्याखुऱ्या पुरवठादाराच्या नावाने खोटी बिलं आणि खोटे करार पाठवून १२ कोटी डॉलरच्या वर रक्कम आपल्या खात्यांत वळवली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. संगणक ज्यांच्या घरचे, त्यांची ही गत. अर्थात नुसत्या रचलेल्या बिलाने हे थांबलं असतं असा दावा मी करणार नाही. खोटं बिलही व्यवस्थित रचता येतं. तिथे दुसरी तपासणी लागते: पैसे निघायच्या आधी खात्यावरचं नाव आणि लिहिलेलं नाव जुळतं का ते बघायचं. ब्रिटनच्या मोठ्या बँकांनी ती २०२० मध्ये सुरू केली, युरो क्षेत्रात ती ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक झाली. ती शक्य होते, कारण सगळ्या बँका एकमेकींना तो प्रश्न एकाच भाषेत विचारू शकतात.

एक बिघडलं की देश ठप्प

इथे मजकूर लिहिणाऱ्याने वड्याचं तेल वांग्यावर काढलंय. प्रमाण आणि यंत्रणा या दोन वेगळ्या गोष्टी. लिपी एक असली म्हणून छापखाना एकच असतो का? एक छापखाना जळाला म्हणून बाकीच्यांचं छापणं थांबत नाही, उलट त्याचं राहिलेलं काम दुसऱ्याला उचलता येतं, कारण खिळे सगळ्यांकडे तेच असतात. पेमेंटचंही तसंच. दोन व्यवस्था एकच भाषा बोलत असल्या तर एक पडल्यावर व्यवहार दुसरीकडे वळवणं निदान विचारात तरी घेता येतं. भाषाच वेगळी असेल तर तोही मार्ग बंद.

मोठे बिघाड झालेत, हे खरं. २३ ऑक्टोबर २०२० ला युरो क्षेत्राची मोठ्या रकमांची तेव्हाची व्यवस्था, टार्गेट२, जवळपास दहा तास बंद होती, बाहेरून घेतलेल्या एका नेटवर्क उपकरणातल्या सॉफ्टवेअरच्या दोषामुळे. ब्रिटनची चॅप्स २० ऑक्टोबर २०१४ ला दिवसाचा मोठा भाग अडकून पडली होती. पण दोन्ही बिघाडांच्या वेळी या व्यवस्था जुन्याच संदेशांवर चालत होत्या. नव्या प्रमाणाच्या माथी ते मारायचे तर आधी कॅलेंडर बदलावं लागेल.

मध्यवर्ती यंत्रणा एकच असण्याचा धोका मात्र खरा आहे, आणि प्रमाण एक केलं म्हणून तो आपोआप कमी होत नाही. त्यासाठी पर्यायी मार्ग, वेगळ्या जागी दुसरं केंद्र, ठरावीक काळाने तालीम असा खर्च करावा लागतो, आणि तो टाळायची सवय सगळीकडे आहे. कोणी त्याबद्दल बोंब मारत असेल तर मी त्याच्या शेजारी उभा राहीन.

मलई त्यांना, भुर्दंड छोट्यांना

बँकांना फायदा होतो का? होतो. सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना होतो का? तोही होतो, मला स्वतःला झालाय. पण आज, प्रमाण नसताना, छोट्याचं काय चाललंय ते बघा. त्याची दहा मोठी गिऱ्हाइकं असतात आणि प्रत्येकाचं स्वतंत्र पोर्टल. दहा पासवर्ड. एकाला ऑर्डर क्रमांक वर हवा, दुसऱ्याला खाली, तिसऱ्याची फाइल अपलोड होता होता सत्र संपतं आणि पुन्हा पहिल्यापासून. एखादा रकाना चुकला की बिल परत, आणि परत आलेल्या बिलाची पैसे द्यायची मुदत पुन्हा नव्याने मोजायची. मोठ्याने स्वतःची सोय केली, ओझं छोट्याच्या डोक्यावर दिलं. प्रमाण नसणं हे बलिष्ठाच्या पथ्यावर पडतं, कारण मग त्याचाच नमुना प्रमाण ठरतो.

ई-बिलं पोचवणाऱ्या पेपॉलसारख्या जाळ्यात हे उलटतं. बिल पाठवणारा आपल्या सेवा-पुरवठादाराकडे देतो, तो घेणाऱ्याच्या सेवा-पुरवठादाराकडे, आणि तिथून ते घेणाऱ्याकडे. फोनसारखं आहे हे: तुमची कंपनी कुठली आणि समोरच्याची कुठली याने बोलणं अडत नाही. एकदा जोडणी केली की दहाही गिऱ्हाइकं त्याच एका वाटेवर.

संक्रमणाचा खर्च खोटा नाही, पण तो कोणावर टाकायचा हे ठरवता येतं, आणि ठरवलं गेलंय. डेन्मार्कने २००५ पासून सरकारी खात्यांना फक्त ई-बिल चालेल असं ठरवलं, तेव्हा ज्यांना कागदच पाठवायचा होता त्यांच्यासाठी कागद स्कॅन करून रचलेल्या बिलात बदलून देणाऱ्या केंद्रांची सोय ठेवली. जर्मनीत २०२५ पासून ई-बिल घेता यायलाच हवं, आणि घ्यायला साधा ईमेल-पत्ता पुरतो. पाठवण्याच्या सक्तीला मात्र २०२६ अखेरपर्यंत सूट, आणि वार्षिक उलाढाल ८ लाख युरोपर्यंत असेल तर २०२७ अखेरपर्यंत. इटलीने २०१९ मध्ये जवळपास सगळ्यांना सक्ती केली, पण छोट्या ठोक-कर योजनेतल्यांना आधी वगळलं, २०२२ पासून टप्प्याटप्प्याने आत घेतलं, आणि बिल बनवायला कर खात्याचं मोफत साधन दिलं. तात्काळ पेमेंटबद्दल युरोपीय संघाने नियमच केला, की त्याचं शुल्क साध्या पेमेंटपेक्षा जास्त घ्यायचं नाही. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स हे तात्काळ पेमेंट सुरू केलं ते सामान्य माणसाला पैसे पाठवायला फुकट ठेवून.

तुमच्या देशात यातलं काहीच न करता नुसती तारीख जाहीर केली असेल, तर राग बरोबर आहे. फक्त तो तारीख ठरवणाऱ्यावर काढा, प्रमाणावर नको.

सरकारला प्रत्येक बिल बघायचंय

या मुद्द्याची मी टिंगल करणार नाही. काही देशांत ते शब्दशः खरं आहे. इटलीत जवळपास प्रत्येक बिल कर खात्याच्या देवाणघेवाण यंत्रणेतून जातं, मगच गिऱ्हाइकाला पोचतं. चिली, मेक्सिको, ब्राझील हे देश तर या वाटेने फार आधीपासून चालताहेत. बिलात फक्त रक्कम नसते. कुठल्या वकिलाकडून कशाबद्दल सल्ला घेतला, कुठल्या दवाखान्यात कुठली तपासणी केली, हेही त्यात असतं.

आणि ही हरकत कोणी माथेफिरूनेच घेतली असं नाही. इटलीच्याच माहिती-संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०१८ मध्ये, सक्ती सुरू व्हायला दीड महिना उरला असताना, कर खात्याला जाहीर ताकीद दिली की करासाठी लागते त्याहून कितीतरी जास्त माहिती तुम्ही साठवणार आहात. त्यानंतर व्यवस्थेत बदल झाले, आणि रुग्णांना दिलेल्या सेवांची बिलं त्या यंत्रणेतून पाठवायलाच डॉक्टरांना मनाई झाली.

पण यातून निघतं काय? बिलाचा नमुना एकच ठेवूनही ते सरकारच्या हातून न्यायचं की नाही, हा स्वतंत्र निर्णय आहे. पेपॉलच्या मूळ रचनेत मध्ये सरकार बसलेलंच नाही. तेच बिल, तोच नमुना, थेट विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे. पाळतीची भीती असेल तर भांडण या निर्णयावर घाला: काय साठवणार, किती वर्षं, कोण उघडू शकणार, उघडल्याची नोंद कुठे राहणार. नमुनाच नको म्हटलं, तर हे प्रश्न विचारायची जागाही हातची जाते. शिवाय ज्या सरकारला बघायचंच आहे ते पीडीएफही मागवून घेतं. त्याला फक्त जास्त कारकून लागतात.

म्हातारी माणसं वाऱ्यावर

याचं उत्तर दोन देशांत आहे, एक चुकलेला आणि एक न चुकलेला.

ब्रिटनमध्ये डिसेंबर २००९ मध्ये पेमेंट क्षेत्राच्या परिषदेने ऑक्टोबर २०१८ पर्यंत चेक वटवणं बंद करायचं लक्ष्य ठरवलं. पर्याय काय, ते नंतर बघू. वयस्कर माणसं, धर्मादाय संस्था, खासदार सगळे तुटून पडले, आणि जुलै २०११ मध्ये तो बेत गुंडाळावा लागला. बरंच झालं.

स्वित्झर्लंडने जून २०२० मध्ये जुन्या लाल आणि नारिंगी भरणा-पावत्यांच्या जागी नवं बिल आणलं आणि सप्टेंबर २०२२ अखेर जुन्या पावत्या बंद केल्या. नवं बिल कसं आहे? कागदच आहे. खालच्या भागात ४६ मिलिमीटरचा चौकोनी क्यूआर कोड, मधोमध स्विस क्रॉस, आणि त्याच्या शेजारी तीच माहिती माणसाला वाचता येईल अशा अक्षरांत. मोबाइल असेल त्याने स्कॅन करावं. नसेल त्याने तो कागद पूर्वीसारखा टपाल कार्यालयाच्या खिडकीवर न्यावा आणि रोख भरावी. खिडकीमागचा माणूस तोच कोड स्कॅन करतो, आणि आजोबांनी रोखीने भरलेलं पेमेंट घेणाऱ्याकडे अचूक संदर्भ क्रमांकासह पोचतं. कागद काढायचा की ठेवायचा हा प्रश्न प्रमाणाने सोडवलेला नाही आणि सोडवायचाही नाही. कागदावर काय छापायचं एवढंच त्याने ठरवलं.

प्रमाणं दर काही वर्षांनी बदलतात, मग पाळायची कशाला, असंही त्या मजकुरात ओझरतं आलंय. आयबॅनमधला ९७ चा भागाकार एकदाही बदललेला नाही. पुढे.

त्या मजकुरात जे नाही ते

या सगळ्या उपद्व्यापाचा खरा धोका त्या मजकुराला दिसलेलाच नाही. तो आहे अर्धवटपणा. मार्च २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या काळात स्विफ्टवर जुने आणि नवे संदेश एकत्र नांदत होते. नव्या भाषेत निघालेलं पेमेंट वाटेत जुन्या भाषेच्या बँकेला भेटलं की त्याचं भाषांतर व्हायचं, आणि चार ओळींत मावलं नाही ते कापलं जायचं. म्हणजे पाठवणाऱ्याने कष्टाने कप्पे भरले, घेणाऱ्याला पुन्हा 'बिल २३१५ २३१८ २३'. त्या अडीच वर्षांत ज्यांनी हे सोसलं त्यांचा प्रमाणावरचा विश्वास उडाला असेल तर नवल नाही.

घाईचं उदाहरण हवं असेल तर ब्रिटनच्या टीएसबी बँकेचं घ्या. प्रश्न प्रमाणाचा नव्हता, तिने एप्रिल २०१८ मध्ये सगळी खाती एका दमात नव्या यंत्रणेवर हलवली. १९ लाखांपर्यंत ग्राहक बाहेर अडकले आणि २०२२ मध्ये नियामकांनी तिला ४ कोटी ८६ लाख पौंडांच्या वर दंड ठोठावला. याउलट युरो क्षेत्र, ब्रिटन आणि अमेरिका या तिघांनीही आपल्या मध्यवर्ती व्यवस्था नव्या संदेशांवर न्यायची जाहीर केलेली तारीख निदान एकदा पुढे ढकलली. युरोमधली पेमेंट एकसारखी करणाऱ्या सेपाच्या वेळीही १ फेब्रुवारी २०१४ ची मुदत ऐनवेळी सहा महिन्यांनी वाढवली होती. तेव्हा नाचक्की झाली, पण तारीख हुकल्याची नाचक्की महिन्याभरात विसरली जाते. खाती अडकल्याची जात नाही.

आणि एक बारीक गोष्ट, जिच्यावरून मी स्वतः बैठकांमध्ये आवाज चढवलाय. ईएन १६९३१ मध्ये बीटी-८३ नावाचा घटक आहे. पैसे भरताना बिलाशी दुवा जुळावा म्हणून विक्रेत्याने द्यायचा संदर्भ त्यात जातो. आयएसओ २००२२ च्या पेमेंटमध्ये नेमक्या त्याच संदर्भासाठी कप्पा आहे. बिलाचं जग आणि पैशाचं जग इथे एकमेकांना भेटतात. बाईंची वीस मिनिटं वाचतात ती इथे. पण बीटी-८३ ऐच्छिक आहे. कितीतरी बिलिंग सॉफ्टवेअर तो रिकामा सोडतात. भरला, तरी बिल घेणाऱ्याच्या बँकेच्या पडद्यावर तो टाकायला वेगळी जागा नसते, मग तो पुन्हा शेऱ्याच्या मोकळ्या चौकटीत हाताने टाइप होतो. दोन्हीकडे प्रमाण, आणि मध्ये एक माणूस आकडे उतरवून घेतोय.

तो मजकूर ज्याने लिहिला त्याच्याकडे चिकाटी आहे, वेळही दिसतो. त्याने उद्या आपल्या बँकेला आणि बिलिंगवाल्याला प्रत्येकी एक पत्र लिहावं: तुमच्या पडद्यावर संदर्भ क्रमांकाचा वेगळा रकाना कुठे आहे? उत्तर आलं तर मला पाठवावं, मी ते चारही जणांना पुढे पाठवतो.